बशीरचाचांचं वाळवण

उन्हाळ्यात थेरगावातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर कुरडया, पापड आणि बशीरचाचांच्या कॉम्प्युटरच्या चिपा शेजारीशेजारी वाळत असतात. जोशीकाकूंना त्या चिपा झुरळांसारख्या दिसतात. त्या काठीने लांब सारतात, चाचा पुन्हा उन्हात आणतात.

चाकणच्या कंपनीतून निवृत्त झाल्यापासून चाचा टीव्हीला जोडायचे जुने कॉम्प्युटर जिवंत करतात. त्यांत प्रोग्रॅमच्या चिपेला जागा एकच. चाचा मागे लावायचं असं कार्ड बनवतात, की आणखी चार-सहा चिपा बसाव्यात. चिपेला काचेची इवलीशी खिडकी असते. तिच्यातून भरपूर ऊन गेलं की जुना प्रोग्रॅम पुसला जातो, नवा भरता येतो.

“पुसायचा दिवा मिळतो की,” मी म्हणालो.

“का? सूर्य रजेवर गेला का राव?”

चिपेतला प्रोग्रॅम बटण दाबताच हजर. कॅसेटवरचा टेपरेकॉर्डरमधून किंचाळत, रेंगाळत येतो. त्यामुळे चाचांच्या जगात माणसं दोनच प्रकारची, चिपेवरची आणि कॅसेटवरची. सोसायटीचे सेक्रेटरी कॅसेटवर. लिफ्ट कॅसेटवर. मीसुद्धा.

मे महिन्यात चाचा-चाची मुलीकडे सोलापूरला गेले. झाडांना पाणी घालायला किल्ली माझ्याकडे. टेबलावर एक कार्ड होतं, त्यातल्या चिपांच्या खिडक्यांवर काळ्या पट्ट्या. वाटलं, या वाळवायच्या राहिल्या. मी पट्ट्या सोलल्या आणि आठवडाभर रोज त्यांना ऊन दाखवलं. काकूंपासून राखणही केली.

पट्ट्या ऊन लागू नये म्हणून होत्या. प्रोग्रॅम भरून झाले होते.

चाचा आल्यावर मी सगळं सांगितलं. चाचा हसले. “काकू बऱ्या म्हणायच्या.” पण हसताना त्यांची नजर स्वयंपाकघराकडे गेली.

“त्या प्रोग्रॅमची कॅसेट आहे ना?” मी विचारलं.

“आहे. बसा, दाखवतो.”

त्यांनी चाचींना हाक मारली. “आंबे झेलायचे?” चाची पदराला हात पुसत आल्या, लहान मुलीसारख्या टीव्हीसमोर बसल्या. कॅसेट किंचाळू लागली. चाची वाट बघत होत्या. मग त्या इकडेतिकडे बघू लागल्या, माझ्याकडे पाहून अनोळख्यासारखं हसल्या आणि उठून कपड्यांच्या घड्या घालायला गेल्या. त्यानंतर पडद्यावर आंब्याचं झाड आलं.

“हल्ली विसरते,” चाचा म्हणाले. “खेळ येईपर्यंत खेळायचंच विसरते. खेळायला लागली की मात्र बोटांना सगळं आठवतं.”

मला मान वर करवेना.

“रडू नका राव. चला, पट्ट्या कापा.”

चार दिवस मी त्यांचा हेल्पर झालो. चिप भरली, पट्टी मी स्वतः चिकटवली, दोनदा दाबून बघितली. चाचींनी बटण दाबलं आणि झाड समोर. टोपली अशी पळू लागली की एकही आंबा खाली पडेना. मग माझी पाळी. माझे सगळे पडले.

“हे कोण हो?” चाची म्हणाल्या. “यांना बाजारात पाठवू नका.”

चाचा पोट धरून हसले.

खेळ संपल्यावर चाचींनी विचारलं, “तुम्ही बनवला?”

“हो. आपलं नवीन लग्न झालं होतं तेव्हा. तुझ्यासाठी.”

चाची चक्क लाजल्या. “मला कधी बोलला नाहीत.”

“आता बोललो की,” चाचा म्हणाले, आणि बटण बंद करून त्यांनी कॉम्प्युटर पुन्हा चाचींच्या बोटापाशी सरकवला.