हयातीच्या दाखल्याला जागा नाही

वसंतराव शेवडे जिवंत होते, पण ते सिद्ध करायला त्यांच्या फोनमध्ये जागा नव्हती.

रेल्वेतून निवृत्त होऊन त्यांना अकरा वर्षं झाली होती. दर नोव्हेंबरात पेन्शनरनं हयातीचा दाखला द्यायचा, म्हणून ते नेमानं बँकेत जाऊन सही करून येत. यंदा बँक दुसऱ्या मजल्यावर गेली आणि वसंतरावांचा गुडघा पहिल्याच मजल्यावर थांबला. 'फोनवर ॲप घ्या, चेहरा दाखवा, झालं,' असं कुणीतरी सांगितलं. ॲप घ्यायला गेले, तर फोन म्हणाला, जागा शिल्लक नाही.

"असेल कशी?" जयवंतीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "अख्ख्या अण्णा नगरचे कोलम भरलेत त्यात!"

यात अतिशयोक्ती फार नव्हती. सकाळी फिरायला निघालं की दारोदारच्या त्या पांढऱ्याशुभ्र रांगोळ्यांचे फोटो काढल्याशिवाय वसंतरावांचं पाऊल पुढे पडत नसे. शिवाय विजेचा मीटर, गॅसची पावती, छान जमलेला डोसा आणि न जमलेलाही. तो पुरावा म्हणून.

मन घट्ट करून ते कोलम पुसायला बसले. प्रत्येकाचा रीतसर निरोप घेत होते. कोपऱ्यावरच्या घरापुढचा मोर पुसला आणि मग चष्माही पुसला. संध्याकाळपर्यंत चारशे फोटो गेले. जागा होती तेवढीच.

"चारशे प्रवासी उतरले तरी डबा भरलेलाच?" वसंतराव चक्रावले. "असं आमच्या रेल्वेत कधी झालं नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी उरलेसुरले सगळे फोटो पुसले. एकूण सहा हजार! फोन सारवल्यासारखा स्वच्छ दिसू लागला, पण जागेचा आकडा हलेना. तिसऱ्या दिवशी गॅसचं ॲप गेलं, मेट्रोचं गेलं, चौथ्या दिवशी सकाळी व्हॉट्सॲपही गेलं. तेव्हा कुठे थोडी जागा झाली. पण दाखल्याचं ॲप सोबत आणखी एक ॲप घेऊन येणारं निघालं आणि दोघांना मिळून ती पुरेना. शेवटी 'यंत्रालाही विश्रांती लागते' असं म्हणून वसंतरावांनी फोन बंद केला आणि ते आंघोळीला गेले.

टाकी धुवायची असल्यानं दहापासून पाणी बंद, ही सूचना इमारतीच्या ग्रुपवर सकाळीच येऊन पडली होती. ती वसंतराव सोडून सगळ्यांना कळली. त्यांच्या डोक्याला साबणाचा भरपूर फेस झाला आणि नळानं एक उचकी देऊन मान टाकली.

तिकडे पुण्यात त्यांची मुलगी क्षमा अस्वस्थ झाली होती. रोज साडेसहाला बाबांकडून एक कोलम आणि 'शुभ प्रभात' यायचं. सहा वर्षांत खंड नव्हता. आज दहा वाजून गेले तरी काही नाही. बाबांचा फोन बंद. आई मैलापूरला देवळात गेलेली आणि तिचा फोन पर्सच्या तळाशी. शेवटी क्षमानं खालच्या मजल्यावरच्या पद्मनाभ काकांना फोन लावला.

पद्मनाभ तंजावरकडचे. त्यांच्या घरची मराठी तीनशे वर्षं कावेरीकाठी राहून आलेली होती. ते लुंगीसारखी नेसलेली वेष्टी सावरत वर धावले.

"वसंतराव! अहांत का हो?"

घंटा वाजली, दार ठोठावलं गेलं. वसंतराव आतून "थांबा, थांबा" म्हणत होते, पण ते न्हाणीघराच्या बाहेर जात नव्हतं. पद्मनाभांनी वॉचमन रामस्वामीला हाक मारली. तो लोखंडी पहार घेऊन आला. मागोमाग दोन्ही मजले आले.

तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि प्रसादाची पुडी हातात घेऊन जयवंतीबाई बाहेर आल्या. आपल्या दारापुढची गर्दी आणि ती पहार पाहून त्या माणसं सारत पुढे आल्या.

"काय झालं हो?"

"कांही नाही अक्का, भिऊं नका. आंतून उत्तर येईना, इतकंच."

त्या पर्समध्ये किल्ली शोधू लागल्या, तोच दार आतून उघडलं. टॉवेल गुंडाळलेले, डोक्यावर फेस आणि एक डोळा घट्ट मिटलेले वसंतराव उभे होते.

"कशाला एवढा दंगा? जिवंत आहे मी!"

जयवंतीबाई आधी मटकन खुर्चीत बसल्या. मग बोलल्या. पहिल्या पाच मिनिटांतच पद्मनाभ सोडून सगळी गर्दी पांगली.

पिण्याच्या पाण्याच्या कॅननं डोकं धुऊन वसंतराव कॉफीला बसले आणि त्यांनी पद्मनाभांना सगळी कर्मकहाणी ऐकवली. पद्मनाभ हसून हसून लाल झाले.

"अय्यो! तुम्ही पुसले म्हणून ते कुठें जातात? सर्व ट्रॅशमध्यें पडून अहेत. तीस दिवस तिथेंच राहतात." त्यांनी फोन चालू करून दाखवलं. सहाच्या सहा हजार तिथे निवांत बसले होते. "हें दाबलं कीं सर्व साफ. सरी? ठीक ना?"

"थांबा," जयवंतीबाई म्हणाल्या. "जाणारच आहेत तर एकदा बघू दे तरी."

कोलम, कोलम, मीटर, डोसा. मग मैलापुरात फुलं घेणाऱ्या जयवंतीबाई. पुन्हा कोलम. शेवग्याच्या शेंगांवरून भाजीवाल्याशी भांडणाऱ्या जयवंतीबाई. गच्चीत वाळवण घालणाऱ्या जयवंतीबाई. दोनशेपर्यंत त्यांनी मोजले, मग मोजायचं सोडलं.

"सगळे पाठमोरे का?"

"पुढून काढतो म्हटलं की तू केस नीट करायला आत जातेस," वसंतराव कॉफीत बघत म्हणाले. "बाहेर येईपर्यंत ऊन जातं."

जयवंतीबाईंनी पद्मनाभांच्या हातून फोन घेतला, परत आणायचं बटण कुठलं ते विचारलं आणि दाबलं. सहा हजार जण आपापल्या जागी येऊन बसले.

"अगं! आणि माझा दाखला?"

"त्यास तुमचाच फोन कशास?" पद्मनाभ म्हणाले. "कुणाच्याही फोनावर होतें कीं."

दोघांनी जयवंतीबाईंच्या पर्सकडे पाहिलं. त्यांच्या फोनमध्ये एकेचाळीस फोटो होते, बाकी सगळं मोकळं मैदान.

"चार दिवस मी मरमर मरतोय. बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

दोन्ही ॲप्स सुखानं आली. जयवंतीबाईंनी फोन धरला, वसंतराव समोर ताठ बसले. फोननं हुकूम सोडला, डोळे मिचकवा. वसंतरावांनी मिचकवले, पण साबण गेलेला डोळा तेवढा मिटला आणि दुसरा उघडाच राहिला. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला पहिल्यांदाच डोळा मारला. पद्मनाभ एकाएकी पंख्याकडे बघू लागले. जयवंतीबाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"हललं. पुन्हा करा," त्या म्हणाल्या.

वसंतरावांनी पुन्हा केलं.

"अजून एकदा."

तेही केलं. मग आणखी एकदा.

दाखला दुसऱ्या खेपेलाच मिळाला होता, हे जयवंतीबाईंनी चौथ्या खेपेनंतर सांगितलं.