थरथरणारे ठिपके

“माझ्या टेबलापाशी भूकंपसुद्धा परवानगी घेऊन येतो!” असं संशोधक महाशय छाती फुगवून सांगत. काम होतंच तसं नाजूक. भाजलेल्या त्वचेवर लावायच्या जेलीत त्यांनी प्रकाश सोडणारे कण मिसळले होते. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नसत. सूक्ष्मदर्शकातून पडद्यावर ठिपक्यांसारखे चमकत. ठिपका जितका वळवळेल, तितकी जेली तिथे मऊ. दुपारी पाहणीला पाहुणे येणार होते. जेली घट्ट आहे हे दाखवता आलं नाही, तर ते सूक्ष्मदर्शक यंत्र दुसऱ्या विभागाला जाणार होतं.

आणि नेमके आजच सगळे ठिपके एका तालात उड्या मारायला लागले! शाळेतली कवायतच जणू!

“खालच्या सुतारांचेच हे उद्योग!” महाशय तणतणत खाली गेले. “बंद करा ती करवत!”

“अहो, पण दार अर्धंच कापलंय!” सुतार म्हणाला.

“विज्ञान मोठं की दार?”

करवत थांबली. महाशय वर येऊन खुर्चीत टेकले. ठिपक्यांना काहीच फरक पडला नव्हता.

मग महाशयांच्या हुकमावरून पाण्याचा पंप बंद झाला. नळ कोरडे पडले. संतापलेली माणसं जिन्यात जमली. तरी ठिपके उडतच होते. “लिफ्ट बंद करा!” महाशय ओरडले.

“आत कुणी असलं तर?” इमारतीचे मुकादम घाबरले.

“असलं तर उभं राहील! माझी जेली महत्त्वाची!”

लिफ्टही थांबली. ठिपके मात्र नाहीत! महाशयांनी रागारागाने बायकोला फोन लावला.

“अगं, सगळी इमारत माझ्या वाईटावर टपलीय! कामाची कदर म्हणून नाही कुणाला!”

“ती कुरकुर कसली येतेय?”

“खुर्चीची. ते सोड, मी काय सांगतोय—”

“आधी तो पाय हलवणं थांबवा! रोज जेवताना तुमच्या गुडघ्यापायी माझं ताट सरकतं!”

महाशयांनी खाली पाहिलं. उजवा पाय शिलाई मशीनसारखा उडत होता आणि गुडघा टेबलाला टकटक धडका देत होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी दाबून धरला.

पडद्यावरचे ठिपके जागच्या जागी गप्प झाले. जेली चांगली घट्ट होती!

तेवढ्यात दार उघडलं. मुकादम आत आले. त्यांच्या मागे लिफ्टमधून सोडवलेले, घामाने निथळणारे पाहुणे.

“सापडला का तो हलवणारा?” मुकादमांनी दरडावून विचारलं.

महाशय खाकरले.

“सापडला. त्याला घरून समज मिळालीय.”