टेकडीवरच्या सिस्टर

इंगळे सिस्टर कोणाच्याही लग्नाला आल्या की वधूवरांकडे न जाता थेट हात धुवायच्या जागेकडे जातात. तिथे पोतं घेऊन उभ्या राहतात आणि जेवून आलेल्यांच्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्या गोळा करतात. माझ्या नणंदेच्या लग्नात त्यांनी नवरदेवाच्याच बाटलीवर डोळा ठेवला. ती अर्धी भरलेली होती.

"प्या लवकर," त्या म्हणाल्या. "माहा पेशंट थांबून राहिला."

नवरदेव एका दमात प्यायला.

पेशंट म्हणजे झाड. सिस्टर सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाल्या आणि परतवाड्याबाहेर, आमच्या शाळेमागच्या टेकडीवर रुजू झाल्या. तिथलं जंगल कधीच सरपणात आणि शेळ्यांच्या पोटात गेलं होतं, उरला होता नुसता मुरूम. मी त्या शाळेत शिकवते आणि सिस्टरांच्या शेजारीच राहते, म्हणून त्या आधी माझ्याकडे आल्या.

"बाई, तुमची पोरं द्या. एका पेशंटमागं एक नातेवाईक पायजे. नातेवाईक नसला का पेशंट उठत नाई, हे मी जलमभर पाह्यलं."

मग मोह, बेहडा, अंजन, पळस अशी रोपं लागली आणि प्रत्येकाला एकेक मूल मिळालं. लग्नातल्या बाटल्यांना बारीक भोक पाडून त्या रोपाशेजारी काठीला उलट्या टांगल्या, की झाली सलाईन. रोज सकाळी सिस्टरांचा राउंड. एखादं रोप मान टाकून असलं की हाक यायची, "याचा नातेवाईक कोन?"

एकदा एक पोरगा पुढे आला.

"काल पानी काहून नाई देल्लं?"

"सिस्टर, मामाकडं अकोल्याले गेलतो."

"मंग पेशंटले सांगून गेलता काय?"

तेव्हापासून तो पोरगा अकोल्याला निघाला की आधी टेकडी चढून बेहड्याला सांगून येतो. हसायचं कोणी धाडस करत नाही.

झाडं वाढत होती, पण रोज पाहणाऱ्याला ते कळत नाही. काही वर्षांनी एका दुपारी मी वर्ग घेऊन टेकडीवर गेले आणि बोलता बोलता मान वर केली. डोक्यावर सावली होती. मी याच गावची, पण त्या टेकडीवर सावली पडू शकते हे मला ठाऊक नव्हतं. आत कुठेतरी तितर ओरडला. कोणी सांगितलं नसताना मुलं कुजबुजत बोलू लागली, देवळात बोलावं तशी.

मागच्या उन्हाळ्यात टेकडीला आग लागली. कशी, ते कळलं नाही. गावातल्या माणसांनी ओल्या फांद्यांनी झोडपून दुपारपर्यंत ती विझवली, पण वरचा सगळा उतार काळा पडला होता. मुलं रडत होती. सिस्टर रडल्या नाहीत. त्या गुडघ्यांवर बसल्या आणि एका जळक्या खोडाची साल बुडाशी नखाने खरवडू लागल्या.

"हिरवं हाय. जित्तं हाय."

मग पुढचं झाड. मग मुलंही बसली. साऱ्या उतारावर पोरं साली खरवडत होती आणि धुरातून बारीक आवाज येत होते, "सिस्टर, माहं जित्तं हाय." काही सालींखाली हिरवं सापडलं नाही. तिथे सिस्टर त्या मुलाच्या पाठीवर हात ठेवून थोडा वेळ बसायच्या आणि उठायच्या.

संध्याकाळी आम्ही दोघी बरोबरच घरी आलो. त्यांनी फाटक उघडलं आणि तिथेच थांबल्या.

"बाई, आज तुमच्याकडं जेवाले येऊ काय?"

"या ना. पण नुसती कढी-भाकर आहे."

"काईबी चालते," त्या म्हणाल्या. "घरी सांगाले कोनी नाई. आज लय सांगाचं हाय."

त्या आल्या. चार घास खाल्ले आणि बोलू लागल्या. कोणता मोह वाचला, कोणत्या अंजनाला बुडाशी कोंबाचा डोळा दिसला, सगळं. ताटावरचा त्यांचा खरकटा हात पार वाळून गेला, तरी त्या उठल्या नाहीत, आणि मीही ताट उचललं नाही.