धबधब्यासाठी बारा मिनिटं

वेळ पाळणारा समाज सुखी असतो, आणि वेळेच्या आधी पोचणारा समाज त्याहून सुखी, कारण त्याला कुठलंच ठिकाण फार वेळ पाहावं लागत नाही. हाचिओजी स्टेशनसमोरून सुटणाऱ्या एकदिवसीय बससहलीत हे सुख जेवणासकट मिळतं.

हिसाए कुनिमोतो, वय एकोणसत्तर, यांनी मात्र सुखासाठी नव्हे, धबधब्यासाठी नाव नोंदवलं होतं. त्यांचे यजमान कात्सुजी तीस वर्षं त्या धबधब्याच्या पाटीवरून गाडी नेत आले आणि दर वेळी म्हणाले, "येताना थांबू." येताना अंधार पडलेला असे. गेल्या हिवाळ्यात ते वारले. आता त्यांचा फोटो हिसाएबाईंच्या पर्समध्ये होता, आणि त्यांना धबधबा दाखवल्याशिवाय परतायचं नाही असं बाईंनी ठरवलं होतं. (नोंदणीच्या अर्जात यासाठी रकाना नाही.)

कार्यक्रम नेटका होता. स्ट्रॉबेरीचा मळा, तीस मिनिटं. सरासरी माणशी एकेचाळीस फळं. खेकडे हवे तेवढे, पन्नास मिनिटं. या काळात बेचाळीस माणसांत एक शब्द बोलला गेला नाही, कारण खेकडा सोलताना बोलणारा मागे पडतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी खाऊची खरेदी, पंचेचाळीस मिनिटं. धबधबा, बारा.

पूर्वी धबधब्याला सत्तावीस मिनिटं होती. पण सभ्य माणूस दिलेल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी आसनावर बसलेला असतो, आणि सगळे बसल्यावर बस उभी कशाला ठेवायची? कंपनीने अभ्यास करून कुणालाच नको असलेली ही पाच मिनिटं दर वर्षी कमी केली. या गतीने तीन वर्षांत बस धबधब्यावर पोचण्याच्या तीन मिनिटं आधीच तिथून निघेल.

"चालत जायला सहा मिनिटं, यायला सहा," मार्गदर्शक नागुमोबाई झेंडा उंचावून म्हणाल्या. "अगदी सावकाश पाहून या."

बेचाळीस माणसं साडेतीन मिनिटं चालली. तिथे 'धबधबा' असं लिहिलेला बाण आहे. सगळ्यांनी बाणाचा फोटो काढला आणि सगळे वळले. (प्रत्यक्ष धबधबा बिस्किटांच्या डब्यावर छापलेला असून तो सर्वांनी आधीच विकत घेतला होता.)

"चला हो कुनिमोतोबाई," शेजारच्या आसनावरच्या ओकिशिमाबाई म्हणाल्या. "लोक खोळंबतील."

"तुम्ही व्हा पुढे. मी आलेच."

"आमची धाकटी जाऊ एकदा अशीच म्हणाली होती. अजून तिचं नाव निघतं."

हिसाएबाई पुढेच गेल्या. कठड्यापाशी त्यांनी पर्समधून यजमानांचा फोटो बाहेर काढून पाण्याकडे तोंड करून धरला. तुषारांनी फोटोच्या चौकटीची काच भिजली. एक मिनिट त्या तशाच उभ्या राहिल्या, रडल्या, आणि मग धावत निघाल्या.

बस एक मिनिट उशिरा सुटली. अकरा वर्षांत प्रथमच. नागुमोबाईंनी माइकवरून प्रवाशांची, चालकाची आणि पुढच्या थांब्यावर वाट पाहणाऱ्या लोणच्याच्या दुकानाची माफी मागितली. हिसाएबाई दर रांगेपाशी माफीसाठी वाकत आपल्या आसनापर्यंत आल्या.

 मग ओकिशिमाबाईंनी खिडकीकडे पाहतच हळूच विचारलं, "कसा होता हो?"

"आमच्या ह्यांना आवडला."

"डब्यावर आहे तसाच का?"

"डब्यावर आवाज नाही ना."

पुढच्या रांगेतल्या तीन माना किंचित मागे वळल्या.

संध्याकाळी अभिप्रायाचे कागद भरून घेतले. 'धबधबा' या सदरात एकेचाळीस जणांनी 'अत्यंत समाधानी' यावर खूण केली. हिसाएबाईंनी लिहिलं, 'आणखी एक मिनिट हवं होतं.' वेळेबद्दल तक्रार आल्याची कंपनीने गंभीर नोंद घेतली आहे. पुढच्या वर्षीपासून तिथे सात मिनिटंच मिळतील, म्हणजे कुणाला पुढे जाण्याचा मोह होणार नाही.

ही कथा वाचायला साधारण चार मिनिटं लागतात. अजून किती उरली आहे, हे ज्यांनी मध्येच खाली सरकून पाहून घेतलं, त्यांनी काळजी करू नये. बसमध्ये त्यांची जागा राखून ठेवलेली आहे, आणि बाणाचा फोटो छान येतो.