दहाव्या खुनाचा प्रस्ताव

लिफ्ट तपासणी कार्यालयाच्या मोठ्या साहेबांनी कादंबरी लिहिली आणि तिच्यात सगळं कार्यालय मारून टाकलं. एकामागून एक नऊ खून करणाऱ्या माथेफिरूची ती काळीकुट्ट कहाणी. नावं तेवढी बदललेली, बाकी माणसं जशीच्या तशी. पहिल्या आठवड्यात जो तो बिथरला. मग वर्तमानपत्रात पुस्तकाचा फोटो आला आणि वारं फिरलं. स्टोअरकीपरनं सासुरवाडीला वाटायला सहा प्रती घेतल्या, कारण त्याच्या खुनाला साहेबांनी अकरा पानं दिली होती. आवक-जावकच्या बाईंना अर्ध्या पानात उरकलं होतं, त्या दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. डबा खाताना मेलेल्यांचं टेबल वेगळं झालं.

रेकॉर्डकीपरनं तीनशे बारा पानं दोनदा वाचली, दुसऱ्यांदा तर ओळीवर बोट ठेवून. त्याचा खून कुठंच नव्हता.

"नीट बघितलंत ना?" बायकोनं विचारलं.

"शिपाई आहे, पाण्याच्या टाकीत. चार वर्षांपूर्वी रिटायर झालेला ड्रायव्हरसुद्धा आहे."

"आणि ते गेटवर बसतं ते मांजर?"

"पान एकशे चाळीस," तो खालमानेनं म्हणाला.

बायकोनं इस्त्री बाजूला ठेवली. "बावीस वर्षं एक रजा न घेता खपलात, आणि त्यांना साधे मारायच्या लायकीचेही वाटला नाहीत? मी वहिनीला सांगून बसलेय, आमच्या ह्यांचा खून अगदी शेवटी असणार म्हणून. रविवारी येतेय ती पुस्तक बघायला. काय दाखवू तिला, मांजर?"

"साहेबांना असं कसं विचारायचं?"

"रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही. तोंड उघडा जरा."

साहेबांनी सगळ्यांकडून लेखी अभिप्राय मागवला होताच. रेकॉर्डकीपरला लिहायची एकच रीत ठाऊक होती. त्यानं टिप्पणीचा हिरवा कागद घेतला.

"विषय: कादंबरीबाबत अभिप्राय. कादंबरी वाचनीय आहे. अंधार भरपूर आहे. एकूण खून नऊ. पैकी सहा समाधानकारक, दोन घाईत उरकलेले, एक (मांजर) अनावश्यक. खुनी हुशार आहे, परंतु सर्वत्र जिने चढून जातो. लिफ्टचे कार्यालय असताना हे पटत नाही. मधल्या ऐंशी पानांत धुके पडते, दुसरे काही होत नाही. एकंदरीत दहाव्या खुनास वाव आहे. सबब, रेकॉर्डकीपर यांचा विचार व्हावा. मान्यतेस्तव सादर."

साहेबांनी लगेच बोलावून घेतलं. केबिनचं दार उघडंच होतं आणि बाहेर स्टुलावर शिपाई बसला होता.

"मी काय तुम्हाला विसरलो होतो?" साहेब ओशाळून म्हणाले. "चौथ्या प्रकरणात मारलं होतं हो तुम्हाला. लिफ्टच्या खड्ड्यात. पण नववं प्रकरण आलं तरी तुम्ही नाही हे कुणाच्या लक्षातच येईना. पोलीस येईनात, कुणी रडेना. खून झालाय हे कळायला तर हवं ना? प्रकाशक म्हणाला, काढून टाका."

रेकॉर्डकीपरला फार वाईट वाटलं. खोटं काही नव्हतं, म्हणून जास्तच वाटलं. "दुसऱ्या आवृत्तीत बघा साहेब. रविवारच्या आत कळलं तर बरं पडेल."

साहेब मनानं वाईट नव्हते. त्यांनी लाल पेन उचललं आणि टिप्पणीखाली लिहिलं, "प्रस्ताव मान्य. रेकॉर्डकीपर यांना खड्ड्यात घ्यावे. आता विलंब नको." खाली सही, शिक्का, तारीख.

दुसऱ्या दिवशी बायकोनं त्याला कामावर जाऊच दिलं नाही. आता छापून येणार म्हटल्यावर स्टुडिओत जाऊन एक बरा फोटो काढायला हवा होता. बावीस वर्षांतली पहिली रजा त्यानं कुणालाही न कळवता घेतली, कारण रजा कुणाला कळवतात हेच त्याला माहीत नव्हतं.

साडेदहाला आवक-जावकच्या बाई रेकॉर्ड रूमपाशी गेल्या, तर दाराला कुलूप. परत येऊन टेबलावरचे कागद नोंदवायला घेतले, तर वरच ती टिप्पणी. आवक-जावकमध्ये कागद खालून वर वाचतात. आधी सही, मग शेरा, आणि विषयापर्यंत सहसा कुणी पोचत नाही. बाई 'खड्ड्यात घ्यावे'पर्यंत पोचल्या आणि कागद घेऊन शिपायाकडे धावल्या.

"काल साहेब स्वतःच्या तोंडानं म्हणाले, मारलं होतं म्हणून," शिपायानं भर घातली. "मी ऐकलंय या कानांनी."

घरी फोन करावा तर नंबर रेकॉर्ड रूममधल्या फायलीत, आणि किल्ली रेकॉर्डकीपरच्या खिशात. शेवटी पोलिसांना कळवलं. दोन हवालदार लिफ्टच्या खड्ड्यात उतरले आणि एक चप्पल घेऊन वर आले. ती कुणाची हे कुणालाच सांगता येईना, म्हणजे त्याचीच असणार असं ठरलं.

"अहो, हे साहित्य आहे," साहेब घाम पुसत म्हणाले.

"सहीशिक्क्यानिशी?" इन्स्पेक्टरनी विचारलं.

चार वाजता रेकॉर्डकीपर आला, नव्या फोटोची एक प्रत साहेबांना द्यायला. केबिनमध्ये ही गर्दी. तो सवयीनं सगळ्यांच्या मागे उभा राहिला.

"देवमाणूस होते हो," आवक-जावकच्या बाई हुंदके देत होत्या. "कधी कुणाला उलट बोलले नाहीत. आणि मी कधी साधं या, बसा म्हटलं नाही." त्यांनी मागे न बघताच पर्स त्याच्या हातात दिली, "धरा जरा" म्हणाल्या आणि दोन्ही हातांनी डोळे पुसले. रेकॉर्डकीपरनं पर्स धरली. असं आपल्याबद्दल कुणी बोलताना त्यानं आजवर ऐकलं नव्हतं.

"माझं हरवलेलं सर्व्हिस बुक त्यांनीच शोधून दिलं," आता स्टोअरकीपर पुढे झाला. "दोन रविवार बसून."

जबाब घेत घेत इन्स्पेक्टर मागच्या रांगेपर्यंत आले. "तुम्ही ओळखत होता मयताला? कसा होता माणूस?"

साहेबांना सोडवायला हवं, हे रेकॉर्डकीपरला कळत होतं. पण अभिप्राय मागितला की द्यायचा, ही जुनी सवय.

"बरा होता," तो विचार करून म्हणाला. "सुरुवात संथ. मधल्या बावीस वर्षांत फारसं काही घडत नाही. पण शेवट चांगला झालाय."

"आणि तुम्ही कोण?"

रेकॉर्डकीपरनं आवाज खाली आणला. "मयत मीच. पण पाच मिनिटं थांबता का, साहेब? स्टोअरकीपरचं अजून बोलून व्हायचंय."