चौघांचा फोटो आणि तीनशेची लेन्स

घरात तज्ज्ञ असताना बाहेरचा फोटोग्राफर बोलावणं म्हणजे घरच्या विहिरीवर उभं राहून शेजाऱ्याकडे पाणी मागणं आहे, असं तज्ज्ञांनी स्वतःच जाहीर केलं आणि स्टुडिओवाल्याला फोन करून त्याचं रविवारचं येणं रद्द करून टाकलं.

‘तज्ज्ञ’ हे टोपणनाव. फ्रिज घेताना त्यांनी घरच्यांना कॉम्प्रेसरवर तासभर व्याख्यान दिलं होतं, तेव्हा थोरल्या भावाने हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. नाव चेष्टेने ठेवलंय हे तज्ज्ञ सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. एरवी ते एका कचेरीत टपालाची आवक-जावक बघत. पण गेले आठ महिने टपालाकडे त्यांचं लक्ष असेल तर शपथ! पहिला डीएसएलआर घ्यायचा होता ना. दोनशे पानी वही भरली, कॅमेऱ्यांचे तक्ते झाले, लेन्सचे वेगळे तक्ते झाले. ऑफिसातल्या दोघांनी त्यांच्या सल्ल्याने कॅमेरे घेतले आणि वापरून कंटाळलेसुद्धा, तरी तज्ज्ञांचा अभ्यास चालूच.

शेवटी बायकोने हाताला धरून दुकानात नेलं. दुकानदार भला माणूस. त्याने आधी विचारलं, की साहेब, फोटो कशाचे काढायचेत? तज्ज्ञ म्हणाले, सगळ्याचे. मग त्याने कॅमेऱ्याबरोबर येणारी साधी लेन्स पुढे केली. अठरा ते पंचावन्न मिलिमीटरची. तज्ज्ञांनी ती धड न बघताच परत सरकवली. पंचावन्न हा काय आकडा झाला? त्यांची नजर वरच्या फळीवर होती. तिथे सत्तर ते तीनशेची लेन्स उभी होती, चांगली पाण्याच्या तांब्याएवढी. दुकानदाराने ती लावून दिली, तज्ज्ञांनी दारातून रस्त्याकडे बघितलं, आणि पार टोकाच्या घड्याळाचा सेकंदकाटा त्यांना टकटक फिरताना दिसला. संपलं! दुकानदार म्हणत होता की ही लांबच्यासाठी आहे, नवीन माणसाने आधी ती छोटी घ्यावी. बायकोही म्हणाली, “अहो, आपल्याला घरातली माणसं काढायचीत. घड्याळं नाहीत.”

पण आठ महिन्यांचा अभ्यास दोन मिनिटांच्या बोलण्याला थोडाच भीक घालतो. छोटी लेन्स दुकानातच राहिली.

पुढचा आठवडा तज्ज्ञ नुसते हवेत होते. गच्चीवरून त्यांनी चार गल्ल्या पलीकडची पाण्याची टाकी काढली, तिच्यावरचा कावळा काढला, कावळ्याच्या चोचीतली काडी काढली. रस्त्यापलीकडे पहिल्या मजल्यावर शिंपीकाकांचं दुकान होतं. काकांच्या ओठांत धरलेल्या टाचण्यासुद्धा मोजता येत होत्या. पाच! जो भेटेल त्याला त्या टाचण्या दाखवल्या. फक्त घराच्या आत एकही फोटो काढला नाही, कारण आत काय काढायचं, ती तर रोजचीच माणसं.

आता रविवारचं कारण सांगतो. आईला चार मुलं. ताई, दादा, मग आपले तज्ज्ञ आणि शेवटची धाकटी. ताई त्या दिवशी संध्याकाळच्या विमानाने परदेशी लेकाकडे कायमची राहायला निघाली होती, आणि आईचं वय ऐंशीच्या पुढे. पुन्हा चौघं एका छताखाली कधी येतील याचा नेम नव्हता. आईकडे अल्बमभर फोटो होते, पण चौघं एकत्र असा एक नव्हता. एक शाळेत, नाहीतर एक तापाने पडलेला, नाहीतर एक कॅमेऱ्यामागे. आई म्हणायची, “प्रत्येक फोटोत माझं एक पोर कमीच.” तिला चौघांचा फोटो हवा होता, कागदावर छापलेला, भिंतीवर लावायला. मोबाईलमधले फोटो मोबाईलमध्येच मरतात, असं तिचं मत होतं.

दुपारी तीनला सगळे दिवाणखान्यात बसले. मध्ये आई, आजूबाजूला मुलं, मागे जावई आणि सुना. आईने सवयीने ओठ घट्ट मिटले. पुढचा एक दात पडल्यापासून ती फोटोत हसत नसे. हसू आलंच तर तोंडावर पदर. तज्ज्ञांनी ऐटीत कॅमेरा डोळ्याला लावला आणि त्यांना दादाचं नाक दिसलं. फक्त नाक, तेही धुरकट.

तज्ज्ञ दोन पावलं मागे गेले. नाक आणि एक मिशी. भिंतीला टेकले. आईचं कपाळ आणि ताईचं कानातलं. मग ते स्वयंपाकघरात गेले, ओट्यावर चढून बसले, तिथून आई आणि ताई मिळाल्या, पण दादा अर्धा आणि धाकटी पूर्ण गायब. शेवटी बोळातून मागे मागे जात ते न्हाणीघरात शिरले. तिथून दाराच्या चौकटीत नेमके दोन जावई बसत होते, ज्यांचा फोटो कोणालाच नको होता.

दादा म्हणाला, “तज्ज्ञ, अजून मागे गेलास तर गटारातून फोटो काढावा लागेल.”

सगळे हसले. तज्ज्ञांचे कान तापले. तेवढ्यात आईने विचारलं, की स्टुडिओवाला आता येईल का रे? झालं, तज्ज्ञांच्या काळजात चर्र झालं. तिने टोमणा मारला असता तर परवडलं असतं, पण ती खरंच काळजीने विचारत होती. बायको वैतागून म्हणाली, की एवढं लांबचं दिसतं ना, मग जा त्या शिंपीकाकांकडे आणि तिथून काढा.

बायको रागाने बोलली होती. तज्ज्ञांना मात्र ती सूचना वाटली! दोन मिनिटांत त्यांनी सगळ्यांना खुर्च्यांसकट बाल्कनीत हलवलं आणि स्वतः जिना उतरून, रस्ता ओलांडून, काकांच्या दुकानात हजर. खिडकीतून कॅमेरा लावला, आणि काय सांगू! सगळी मंडळी एका चौकटीत. कडेला जिन्याची अर्ध्यावरची खिडकीसुद्धा आली.

शिंपीकाकांनी तोंडातल्या टाचण्या काढून सगळी हकिगत ऐकून घेतली. मग म्हणाले, “साहेब, कापड घ्यायच्या आधी माणसाचं माप घेतात. तुम्ही खोलीचं माप न घेताच कापड आणलंत.”

तज्ज्ञांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. फोनवरून ते दादाला सूचना देऊ लागले. तेवढ्यात फोन आईने हातात घेतला.

“तू कुठे आहेस?”

“समोर, आई. दिसतोय ना? हात करतोय बघ.”

“मग पुन्हा तिघंच झाली की रे.”

काका म्हणाले, तुम्ही जाऊन बसा साहेब, मी बटण दाबतो. हे ऐकून कोणीही शहाणा माणूस काकांच्या पाया पडला असता. पण मग फोटो काढला कोणी? काकांनी! आठ महिन्यांचा अभ्यास आणि श्रेय शिंप्याला? तज्ज्ञांनी कपड्यांच्या गठ्ठ्यावर कॅमेरा नीट टेकवला आणि टायमर लावला. जास्तीत जास्त वीस सेकंद मिळत होते. खाली विमानतळाची टॅक्सी येऊन हॉर्न वाजवत होती, म्हणजे संधी एकच. बटण दाबलं आणि तज्ज्ञ सुटले!

पाचव्या सेकंदाला ते रस्त्यावर होते. सातव्याला उजव्या पायातली चप्पल मागे राहिली. फाटकात टॅक्सी आडवी उभी, आणि ड्रायव्हरला वाटलं, घाईतला प्रवासी तो हाच. त्याने मोठ्या अदबीने मागचं दार उघडलं. तज्ज्ञ वेगात होते, ते सरळ आत गेले आणि दुसऱ्या दाराने बाहेर पडले. वर बाल्कनीत हास्याचा स्फोट झाला. कसाबसा जिना चढून ते वर पोचले, केस सारखे केले, आईच्या शेजारी उभे राहिले आणि काकांच्या खिडकीकडे बघत चांगलं अर्धं मिनिट हसत राहिले. शेवटी समोरून काकांनी दोन्ही हात हलवून खूण केली की झालं, कधीच झालं.

ताई गेली. जाताना तिने तज्ज्ञांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, असू दे रे. आई रिकाम्या खुर्च्यांकडे बघत बाल्कनीतच बसून राहिली. एका पायात चप्पल घालून तज्ज्ञ कॅमेरा आणायला निघाले तेव्हा त्यांना स्वतःचीच लाज वाटत होती. स्टुडिओवाला आला असता तर आईचा फोटो झाला असता, एवढी साधी गोष्ट होती.

काका कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर डोळे बारीक करून बघत होते. बारीक टाका शोधायची सवय. म्हणाले, “साहेब, हा कोपरा मोठा करून बघा.”

तज्ज्ञांनी मोठा केला. बाल्कनीत सगळे जिन्याकडे वाकून हसत होते. दादा पोट धरून, ताई धाकटीच्या गळ्यात पडून. आणि मध्ये आई, तोंड उघडून, पदर विसरून, पडलेल्या दातासकट हसत होती. खाली कोपऱ्यात, जिन्याच्या खिडकीत, एक पाय अनवाणी, तोंड वासलेला एक गृहस्थ वर झेपावत होता. म्हणजे चौघं होती. तज्ज्ञांनी दोनदा मोजली. मग तिथेच स्टुलावर बसून डोळे पुसले.

मोठी प्रत छापायला त्यांनी मान खाली घालून त्याच स्टुडिओवाल्याला फोटो दिला. त्याने आठवड्यात चौकट घालून घरी आणून दिला. फोटो झकास होता. जिन्याची खिडकी मात्र रिकामी. स्टुडिओवाला कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाला, की कोपऱ्यात कुणी भुरटा चोर पळत होता, तो मी सफाईने पुसून टाकला.

आई उठून उभी राहिली. “तो माझा मुलगा आहे. आत्ताच्या आत्ता परत आण त्याला.”

आता तो फोटो चोरासकट दिवाणखान्यात आहे. आलेल्या प्रत्येकाला आई स्वतः कोपऱ्यावर बोट ठेवून सांगते, “हा माझा तिसरा. यानेच काढलाय.” तज्ज्ञांची छाती फुगते. मग ते पाहुण्याला हळूच बाजूला घेतात आणि समजावतात, की हा लेन्स सत्तरवर ठेवून काढलाय, म्हणून सगळे मावले. तीनशेवर काढला असता, तर नुसता अनवाणी पाय आला असता. पण काय स्पष्ट आला असता!