तीन नंबरवरची सावली

"तीन नंबर मागे पडलाय हो," सकाळीच बायकोचा फोन आला होता. "वर घाण बसली असणार. सोमवारी सोलरवाला येऊन पुसून जाईल. तुम्ही छपरावर पाऊल टाकायचं नाही. शब्द दिलाय मला."

मास्तरांनी शब्द दिला होता खरा. हे मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कपडे शिवणारे. मागल्या वर्षी बल्ब बदलताना स्टुलावरून पडून त्यांनी ऐन हंगामात हात मोडून घेतला होता. बायको इस्पितळात सिस्टर. तिने प्लास्टर सुटायच्या आतच वदवून घेतलं होतं की यापुढे पायपुसण्याहून उंच कशावर चढणार नाही. सध्या ती ट्रेनिंगसाठी परगावी होती. पण घरावरचं कुठलं पॅनल किती वीज करतंय हे तिला तिथे मोबाइलवर दिसायचं, आणि लोक क्रिकेटचा स्कोअर बघतात तशी ती ते दिवसभर बघायची.

'एवढंसं पुसायला सोमवार कशाला?' मास्तरांना वाटलं. गुपचूप पुसायचं आणि आपोआप सुधारला म्हणून सांगायचं! उन्हं जरा कलल्यावर त्यांनी घरातल्याच दुकानाच्या दाराशी शिडी लावली, फोन मशीनवरच ठेवला आणि बादली नि अस्तराचं मऊ फडकं घेऊन ते वर गेले.

पुसणं झालंही झटक्यात. मग खाली बघायची दुर्बुद्धी झाली आणि मास्तरांची पाचावर धारण बसली. उतरतं पत्र्याचं छप्पर, त्यावर सांडलेलं पाणी, आणि अंगण कुठल्या कुठे खोल गेलेलं. त्यांनी तीन नंबरची कड दोन्ही हातांनी गच्च धरली आणि डोळे मिटले.

खाली फोन वाजायला लागला. वाजला, थांबला, पुन्हा वाजला.

"मास्तर! ओ मास्तर! पँट झाली का?" खालून आवाज आला. इस्पितळातला कंपाउंडर! त्याला हाक मारावी, तर घटकाभरात अख्ख्या वॉर्डाला कळणार. मास्तर गप्प राहिले. कंपाउंडरने मात्र फोन उचलला.

"हॅलो, सिस्टर? मी बोलतोय. नाही हो, मास्तर दुकानात नाहीत... तीन नंबर? कसला तीन नंबर?... सावली? थांबा, बाहेर जाऊन बघतो."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. ते पॅनलवर पालथे पडले.

"छपरावर तर कोणी दिसत नाही... काय म्हणता? आता अख्खाच गेला?"

मास्तर घाईघाईने शेजारच्या पॅनलवर सरकले.

"आता तीन आला आणि चार गेला? मग मांजर असेल हो, सिस्टर... हो, मोठं असेल. बरं, ठेवतो."

मास्तर श्वास रोखून पडून राहिले. जाता जाता कंपाउंडर पुटपुटला, "शिडी काय दारात ठेवतात! एखादा चोर चढायचा." आणि त्याने ती उचलून भिंतीकडेला आडवी टाकली.

आता मात्र मास्तरांना रडू फुटायचं तेवढं बाकी राहिलं. ओरडावं, तर सगळी गल्ली गोळा होणार आणि बायकोला कळणार. न ओरडावं, तर उतरायचं कसं? जरा वळायला गेले तर पाय बादलीला लागला. बादली खडखडत पत्र्यावरून घरंगळली आणि खाली जाऊन आपटली. तिच्या जागी स्वतःला कल्पून मास्तरांना दरदरून घाम फुटला. 'तिचं ऐकलं असतं तर!' पॅनलला कवटाळून ते मनातल्या मनात घोकत राहिले.

बऱ्याच वेळाने कडेला 'टक्' असा आवाज झाला. डोळे उघडून बघतात तो शिडीचं टोक! कोणी लावली हे विचारायचं भान कोणाला होतं? एकेक पायरी पायाने चाचपत मास्तर खाली आले. अंगणात सोलरवाला त्यांच्याकडे पाठ करून मीटर बघत होता.

"पॅनल ठीक आहेत, मास्तर," तो मागे न वळताच म्हणाला.

"सिस्टरला काही बोलू नकोस हं, बाबा."

"कशाबद्दल, मास्तर?"

मास्तरांच्या जिवात जीव आला. वाचलो! संध्याकाळी बायकोचा फोन आला तो त्यांनी अगदी निवांत आवाजात घेतला.

"तीन नंबर सुधारला म्हणे?" तिने विचारलं.

"हो ना, आपोआपच! अगं, वर मांजर बसलं होतं."

"कळलं मला. सोलरवाल्याला मीच पाठवलं. त्याला म्हटलं, मांजर भित्रं आहे. हाक मारू नकोस, वर बघू नकोस, दचकून पडेल. शिडी लाव आणि पाठ करून उभा राहा."

मास्तरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हात ठीक आहे ना?" ती म्हणाली.